पपांचा ताळा

माझ्या भावाला ज्या टीमनं अमेरिकेला नेलं तिचं नाव मी लिहिणार नाही. मोठी टीम होती, एवढं बास. तिची टोपी आमच्या घरात दोन वर्षं येशूच्या फोटोशेजारी लटकत होती.

लिहायचंय ते पपांबद्दल. विन्सेंट तुस्कानो, गाव वसई, राहणार ऑल्टोना, मेलबर्न. त्र्याहत्तर साली आम्हाला घेऊन इथे आले आणि रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले. त्याच्या आधी वसईत तरुणपणी एका टॉकीजच्या तिकीटखिडकीत बसायचे आणि रविवारी पॅरिशच्या क्रिकेट टीमचा स्कोअर लिहायचे. बुटका माणूस, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल चर्चमध्ये मिसालासुद्धा कानावरच असते. फादरांनी एकदा टोकलं तर म्हणाले, "फादर, तुम्ही क्रॉस काढून ठेवता का?"

इथे आल्यावर पहिल्याच थंडीत ते क्रीकच्या काठच्या ग्राउंडवर गेले. लांबून बॅट-बॉल दिसला म्हणून. त्यांना वाटलं, अरे वा, इथे हिवाळ्यातपण क्रिकेट! जवळ गेले तर बेसबॉल. आणि त्यांचा स्कोअरर त्या दिवशी आलाच नव्हता. पपा म्हणाले, मी लिहितो. नियम माहीत नव्हता एकही. कोच केव्ह शेजारी बसून सांगत गेला आणि पपा लिहीत गेले. बारा वर्षं झाली, अजून लिहितायत. क्लबवाले त्यांना विनी म्हणतात आणि त्यांच्या इंग्लिशची नक्कल करतात. नक्कल फक्त त्यांनीच करायची हां. दुसऱ्या क्लबच्या एकानं केली तेव्हा मी त्याच्या गाडीवर सॉसची आख्खी बाटली रिकामी केली होती.

पपांचं एक वेड आहे. मॅच संपली, सगळे बिअरकडे पळाले, तरी हे बाकावर बसून ताळा करतात. बेसबॉलमध्ये बॅटिंगला आलेला माणूस एकतर आऊट होतो, नाहीतर चारही बेस फिरून घरी, म्हणजे निघाला त्या होम प्लेटवर, परत येतो, नाहीतर इनिंग संपते तेव्हा मधेच बेसवर अडकून राहतो. आलेले जितके, तितकेच या तीन खात्यांत निघाले पाहिजेत. पपा म्हणतात, "आलेला माणूस कुठेतरी गेलाच पाहिजे, जुडी. चौथं काही नसतं." एक माणूस कमी भरला तर घरी येऊन जेवायचे नाहीत. मम्मी ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "एक गोरा हरवलाय ह्यांचा, सापडला की जेवतील."

आम्ही दोघं मुलं. मी जुडिथ, इयर टेनला शाळा सोडली, कोंबड्यांच्या फॅक्टरीत लागले. शाळा मला जमली नाही, मी शाळेला जमले नाही, विषय संपला. आणि माझा मोठा भाऊ फॅबियन. फॅब सेकंड बेसला उभा राहायचा. बॉल त्याच्याकडे गेला की मी बघायचंपण सोडून द्यायचे, कारण आऊट नक्की असायचं. त्र्याऐंशीत अमेरिकेतून एक माणूस आला, तीन मॅच कुंपणापाशी उभा राहिला आणि चौथ्या दिवशी आमच्या किचनमध्ये कागद घेऊन बसला. फॅब एकोणीसचा होता.

लगेच मोठ्या टीममध्ये घेत नाहीत. खाली त्यांच्या चार-पाच छोट्या टीम असतात, एकाखाली एक. त्यांना फार्म म्हणतात. मम्मीला कळेना. पपा म्हणाले, "अगं, आपली वाडी असते तशी. मोठ्या टीमची वाडी. पोरं लावतात, पाणी घालतात. पिकली की तोडून वर नेतात." वसईच्या बाईला वाडी समजावून सांगायला लागत नाही. ती फक्त म्हणाली, "आणि जी पिकत नाहीत ती?"

पपांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तेव्हापासून दर शनिवारी ट्रेनने सिटीत जायचं, स्टेशनसमोरच्या न्यूजएजंटकडून अमेरिकेतला बेसबॉलचा पेपर आणायचा. तो बोटीनं यायचा, नऊ-दहा आठवडे शिळा. मम्मी म्हणायची, शिळ्या कढीला ऊत. पण पपा तो बायबलसारखा धरून आणायचे. मागच्या पानांवर बारीक, मुंगीएवढ्या अक्षरांत वाडीतल्या सगळ्या पोरांचे आकडे असायचे. पपा भिंग घेऊन बसायचे. फक्त फॅबचे नाही, सगळ्यांचे. त्या टीमच्या वाडीतल्या प्रत्येक पोराचं एकेक कार्ड त्यांनी हॉलच्या भिंतीला टाचलं होतं. खालची रांग बालवाडी, मग प्रायमरी, मग हायस्कूल, मग कॉलेज. कोणी वर गेला की कार्ड वर. वर्कशॉपातून आले की बूट काढायच्या आधी भिंतीसमोर उभे. "ऑर्टेगाचा खांदा सुधारतोय हां," असं मम्मीला सांगायचे, जसा काही ऑर्टेगा मम्मीच्या माहेरचा.

हा ऑर्टेगा फॅबच्या वरच्या टीमचा सेकंड बेस. तो वर गेल्याशिवाय फॅबला जागा नाही. एकदा रोझरीच्या प्रार्थनेच्या शेवटी मम्मी हळूच म्हणाली, "आणि त्या ऑर्टेगाच्या पायाला जरा मुरगळ..." पपांनी डोळे उघडले. "पॉलीन! त्यालापण आई आहे." मम्मी म्हणाली, "म्हणून तर फक्त मुरगळ मागितली."

हे सगळं हसायचं वाटतं ना? पंच्याऐंशीच्या ऑगस्टपर्यंत मलापण वाटायचं.

जुलैमध्ये फॅबचं पत्र आलं होतं. चार ओळी. पत्ता बदललाय, दुसऱ्या गावी पाठवलंय, रूममध्ये फोन नाही, काळजी करू नका. कुठली टीम, ते लिहिलंच नव्हतं. मग ऑगस्टमधल्या एका शनिवारी पपा सिटीतून आले ते पळतच. पपांना मी आयुष्यात पळताना बघितलं नव्हतं. पेपर टेबलावर पसरला, भिंग ठेवलं. आत एका बारीक यादीत लिहिलेलं, रिलीज्ड, आणि पुढे दोन-तीन नावं. त्यात आमचं नाव. तुस्कानो.

"रिलीज झाला!" पपा ओरडले. "फॅबियन रिलीज झाला, पॉलीन! म्हणून गाव बदललं! मला बोललाच नाही बघ, सरप्राइज देणार होता."

आता तुम्हीच सांगा. जो माणूस पाच वर्षं टॉकीजच्या खिडकीत बसलाय, त्याला रिलीज म्हणजे काय वाटणार? रिलीज म्हणजे शुक्रवार. रिलीज म्हणजे गेटला फुलांच्या माळा आणि खिडकीपासून नाक्यापर्यंत लाइन. इतके दिवस आत डब्यात होतं ते पडद्यावर आलं, लोकांसमोर. त्यांनी फॅबचं कार्ड काढलं आणि एक रांग वर, थेट ऑर्टेगाच्या शेजारी लावलं. मम्मी रडली. मीपण रडले, मला काय माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मॅचच्या आधी पपांनी माईक घेतला. आमच्याकडे स्कोअररच अनाउन्सर असतो. त्यांनी 'रिलीज' म्हटलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण त्यांनी आपलं ट्रान्सलेशन करून सांगितलं, "माय सन इज गॉन अप." वर गेला. सगळं ग्राउंड उभं राहिलं. हॉर्न काय, शिट्ट्या काय. ठरलं की पुढच्या रविवारी बार्बेक्यू. मम्मी म्हणाली, फुगे मी तळते, दोनशे. फुगे म्हणजे आमच्या वसईकडचे गोल तळलेले पाव.

गुरुवारी आर्वोला (इथे दुपारला आर्वो म्हणतात) मी ते पान घेऊन क्लबात गेले. क्लबच्या बोर्डावर लावायचं होतं. केव्ह पिन शोधत होता. त्यानं कागद बघितला आणि पिनांचा डबा खाली ठेवला.

"जूड," तो म्हणाला, "हे कोणी कोणी बघितलंय?"

"का?"

"मेट, रिलीज्ड म्हणजे वर नाही. रिलीज्ड म्हणजे काढून टाकला. कॉन्ट्रॅक्ट फाडलं. घरी जा सांगितलं."

मी त्याच्या छातीवर हात मारून त्याला ढकललं.  मग मी पेपरची तारीख बघितली. जून. म्हणजे दहा आठवडे झाले होते. दहा आठवडे माझा भाऊ तिकडे कोणाचाच नव्हता आणि आम्ही भिंतीवर कार्डं सरकवत होतो.

शुक्रवारी मी शिफ्टला गेले नाही. पपा-मम्मी कामावर गेल्यावर सकाळी आठला एक्स्चेंजला फोन लावला, पत्ता सांगितला. त्यांनी त्या बोर्डिंग हाउसचा नंबर काढून दिला. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ. घरमालकीण म्हणाली, थांब, आत्ताच प्लांटवरून आलाय.

"कसला प्लांट?"

"चिकन, हनी."

घ्या. एका घरातली दोन पोरं, समुद्राच्या दोन बाजूंना, दोघंही कोंबड्या साफ करतायत.

फॅब आला. आवाज ओळखूच येईना. खांदा एप्रिलमध्येच गेला होता म्हणाला, बॉल फर्स्ट बेसपर्यंत पोचत नव्हता. मी म्हटलं, घरी ये. तो म्हणाला, काय म्हणून येऊ? मी म्हटलं, माझा भाऊ म्हणून ये, गाढवा.  मग म्हणाला, "प्लांटला जाताना पूल लागतो, जुडी. मी रोज तिथे थांबतो."

"कशाला थांबतोस?"

काहीच नाही. नुसती लाइनची खरखर.

मी घाबरले. आणि घाबरले की माझं तोंड सुटतं, लहानपणापासून. मी बोलून गेले, "फॅब, तू ये रे, आपण काहीतरी सांगू सगळ्यांना, पपांनी बार्बेक्यू ठेवलाय रविवारी, त्यांना वाटतंय तू वर गेलास..."

"पपांनी सांगितलं लोकांना?"

"माईकवर."

त्यानं फोन ठेवला.

मी परत लावला. बाहेर गेला, म्हणाली. मी किचनच्या फरशीवर बसले आणि स्वतःच्या थोबाडीत मारली. खरंच मारली.

त्याच दिवशी आर्वोला पोस्टात फॅबचं पत्र होतं. दहा दिवस आधी टाकलेलं. पपांनी कामावरून येऊन उभ्याउभ्याच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. नव्या टीमकडून छान चाललंय. एकसष्ट वेळा बॅटिंग केली, ॲव्हरेज टू-एटी-सेव्हन. मम्मी म्हणाली, चांगलंय ना? पपा म्हणाले, चांगलंय. आणि कानावरची पेन्सिल काढली.

मी त्यांच्याकडे बघत होते. मला माहीत होतं ते काय करणार. ताळा. एकसष्टपैकी किती वेळा बॉल नीट लागला, ते काढणार, कार्डावर लिहायला. बेसबॉलचं ॲव्हरेज म्हणजे त्याच हिशोबानं हजारात किती वेळा. त्यांनी सतरा धरून भागाकार केला. खोडला. अठरा धरून केला. परत सतरा. मग वहीचं पान उलटून पहिल्यापासून केला. मम्मीनं जेवायला वाढलं. ते तसंच बसून राहिले.

"सतरा धरले तर दोनशे एकोणऐंशी येतं," ते शेवटी म्हणाले. "अठरा धरले तर दोनशे पंच्याण्णव. दोनशे सत्त्याऐंशी येतच नाही. येऊच शकत नाही. साडेसतरा वेळा बॉल मारता येत नाही माणसाला."

मम्मी म्हणाली, "चुकला असेल घाईत."

"फॅबियन? ॲव्हरेज मी त्याला पाढ्यांच्या आधी शिकवलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुडी, रिलीज म्हणजे काय गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी फॅक्टरीत सुपरवायझरशी रोज बोलते. पण त्या वहीसमोर नाही.

"काढून टाकला, पपा."

"सिनेमा रिलीज होतो तसं..."

"नाही."

"कधीपासून माहिती तुला?"

"कालपासून." आणि मग सगळंच सांगितलं. खांदा, प्लांट, पूल, आणि मी काय बोलून बसले ते. मम्मीनं पदर तोंडात कोंबला. पपा उठले, भिंतीसमोर गेले. मला वाटलं सगळी कार्डं फाडतात आता. त्यांनी फक्त एका बोटानं फॅबचं कार्ड सरळ केलं, थोडं तिरकं झालं होतं.

शनिवारी सकाळी आठला आम्ही तिघं फोनभोवती. घरमालकीण म्हणाली, काल फोन ठेवून बाहेर गेला तो आलाच नाही. रात्रभर नाही. आज प्लांटलापण नाही.

पपांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वेटर घालून ट्रुगानिनाच्या बाजूला चालत सुटले. तिकडे काही नाहीय. कुंपणं, काटेरी झुडपं, मेंढ्या, वारा. मी मागे मागे गेले. कोस-दीड कोस आम्ही चाललो. मग ते कुंपणाला धरून उभे राहिले.

"मी बोललो नसतो माईकवर, तर तो आला असता."

"मी बोलले नसते फोनवर, तर आला असता."

"तू लहान आहेस."

"एकोणीसची आहे."

"मग एकोणीसची मूर्ख आहेस. मी पंचावन्नचा." नाक पुसलं त्यांनी बाहीनं. "त्याला घरी यायला जागाच ठेवली नाही मी. होम प्लेटवर मीच उभा राहिलो, बॅनर घेऊन."

रविवारी सकाळी परत फोन. नाही आला. मम्मीनं तरी फुगे तळले. मी ओरडले, कोणासाठी तळतेयस? ती म्हणाली, "पीठ फुगून आलंय. त्याला काय सांगू, थांब म्हणून?"

ग्राउंडवर बॅनर लावलेला, 'गुड ऑन या फॅब', म्हणजे शाब्बास फॅब. केव्ह माझ्याकडे बघत होता, त्याला वाटत होतं मी पपांना घरी ठेवीन. दोन्ही टीम लाइनीत. पपांनी माईक घेतला, दोनदा फुंकर मारली, आणि वही उघडली. वहीत बघूनच बोलले, कारण वर बघितलं असतं तर जमलं नसतं.

"स्कोअरिंग करेक्शन," ते म्हणाले.

हे स्कोअररलाच करता येतं. आधी चुकीचं दिलं असेल तर नंतर दुरुस्त करून जाहीर सांगायचं. खेळाडूच्या हातून चूक झाली की त्याच्या नावावर 'एरर' लिहिणारापण स्कोअररच. लोक पेन काढून आपापल्या स्कोअरकार्डावर बदल करतात. त्या दिवशीपण दोघातिघांनी सवयीनं पेन काढलं.

"लास्ट संडे, आय सेड माय सन गॉन अप. रॉंग. माय सन वॉज रिलीज्ड. इन जून. शोल्डर." मग थांबले. इतके थांबले की स्पीकरमधून वारा ऐकू आला. "सो. एरर. नॉट ऑन द प्लेयर. एरर ऑन द स्कोअरर. थँक यू. प्ले बॉल."

कोणी हसलं नाही. टाळ्यापण नाहीत, देवाची कृपा. केव्ह चालत गेला आणि बॅनरची एक दोरी सोडली, दुसरी मी सोडली. मॅच झाली, पपांनी एकेक बॉल लिहिला. नंतर लोक गुपचूप ओळीनं मम्मीच्या टेबलाशी आले आणि फुगे खाल्ले. दोनशेच्या दोनशे. केव्हनं अकरा खाल्ले, मी मोजले. पपांनी बाकावर बसून ताळा केला. लागला. पण ते उठले नाहीत. वहीवर हात ठेवून म्हणाले, "तो आऊट नाहीय, जुडी. तो बेसवर राहिलाय. कुठल्या बेसवर, तेवढंच मला माहीत नाही."

सोमवारी सकाळी मी एकटीच फोनपाशी होते. पपा दाराबाहेर पायरीवर, आत यायची हिंमत नव्हती त्यांची. घंटी अकरा वेळा वाजली.

"हॅलो," फॅब म्हणाला.

मी त्याला अशा शिव्या दिल्या की मम्मीनं आतून कान झाकले. कुठे होतास? बस डेपोत, म्हणाला. तीन दिवस. तिकीट काढायला गेलो, कुठलं काढायचं कळेना, म्हणून बसून राहिलो.

"बार्बेक्यू झाला?" त्यानं विचारलं.

"झाला. पपांनी माईकवर करेक्शन दिली."

"काय?"

"स्कोअरिंग करेक्शन. सगळ्या ग्राउंडसमोर. रिलीज्ड म्हणाले, जून म्हणाले, खांदा म्हणाले. एरर दिली."

 मग बारीक आवाजात, "कोणावर?"

"स्कोअररवर."

"असा रूल नाहीय."

"मला काय सांगतोस? येऊन त्यांना सांग. भांड त्यांच्याशी."

तो हसला की रडला मला खरंच कळलं नाही. लाइन खराब होती. मग म्हणाला, "एअरपोर्टवर कोण येणार?" मी दाराकडे बघितलं. पपा पायरीवर पाठमोरे बसले होते, कानावर पेन्सिल.

तो बारा दिवसांनी आला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही अजून. आमच्या फॅक्टरीत लागायला बघत होता, मी म्हटलं, ती माझी आहे, तू दुसरी शोध. क्लबात त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. रूलवरून मात्र तो आणि पपा दर रविवारी भांडतात, रूलबुक घेऊन.

तो आला त्याच्या पुढच्या शनिवारी पपा स्वेटर घालून स्टेशनकडे निघाले. मी फाटकात आडवी उभी राहिले. म्हटलं, पपा, परत तोच पेपर? त्या लोकांनी आपल्या फॅबला कोंबड्या साफ करायला सोडला आणि तुम्ही त्यांचे आकडे लिहिणार? ती टोपी मी कालच कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलीय.

"टोपीचं बरं केलंस," पपा म्हणाले. "पण सरक. ऑर्टेगाचा खांदा कसा आहे बघायचंय. बाकीच्या पोरांनी काय घोडं मारलंय?"